स्क्रीनवर पडलेली छाप: ती कशी टाळायची आणि स्क्रीनसेव्हर कधी कामाचा

बातम्यांचं चॅनल बदलून क्रिकेट लावलं, तरी कोपऱ्यात मघाच्या चॅनलचा लोगो पुसटसा दिसतोय. किंवा फोनवर पांढरं पान उघडलं, तर त्यात कीबोर्डच्या चौकटी सावलीसारख्या उमटल्यात. या प्रकाराला बर्न-इन म्हणतात. दुरुस्तीवाल्याकडे गेलात तर तो फार वेळ न घालवता सांगतो, "पॅनेल बदलावं लागेल." पॅनेलचा भाव ऐकला की बहुतेक जण "राहू दे" म्हणून परत फिरतात.

तेव्हा हे सगळं छाप पडायच्या आधी माहीत असलेलं बरं. नुकताच पहिला ओएलईडी टीव्ही, लॅपटॉप किंवा फोन घेतलेल्यांसाठी आणि घेण्याच्या बेतात असलेल्यांसाठी हे लिहितोय. घाई असेल तर मथितार्थ एवढाच: स्क्रीन वापरात नसेल तेव्हा ती आपोआप बंद होऊ द्या, आणि ओएलईडी टीव्ही रिमोटने बंद केल्याबरोबर भिंतीवरचं बटण बंद करू नका. स्क्रीनसेव्हरचा नंबर त्यानंतर लागतो.

छाप पडते म्हणजे काय होतं

जुन्या डबा टीव्हीच्या काचेला आतून फॉस्फरचा थर असायचा. मागून इलेक्ट्रॉनचा झोत त्यावर आदळला की तो चमकायचा. रोज तासन्‌तास एकाच जागी तोच आकार चमकत राहिला, तर तिथला फॉस्फर बाकीच्यापेक्षा लवकर थकायचा आणि कमी उजेड द्यायला लागायचा. देवळाची दगडी पायरी मधोमध झिजते आणि कडांना कोरी राहते, तसंच. एटीएमच्या जुन्या स्क्रीनवर पहिल्या पानाच्या ओळी दुसऱ्या पानामागे डोकावत असायच्या, आणि पॅक-मॅनच्या जुन्या मशीनवर त्या भुलभुलैयाच्या भिंती कायमच्या बसलेल्या असायच्या.

स्क्रीनसेव्हर जन्माला आला तो याच्यावर उपाय म्हणून. १९७९ साली आलेल्या अटारीच्या घरगुती संगणकांमध्ये काही मिनिटं कुणी बटण दाबलं नाही की पडद्यावरचे रंग आपोआप बदलत राहायचे. पुढे डिसेंबर १९८३ मध्ये जॉन सोचा या प्रोग्रामरने 'सॉफ्टॉक' मासिकात आयबीएम पीसीसाठी एक छोटासा प्रोग्राम छापला. तीन मिनिटं कीबोर्ड शांत राहिला की तो पडदा सरळ काळा करायचा, बस्स. उडते टोस्टर, पाइपांची जाळी, विटांच्या भिंतींचा चक्रव्यूह ही सगळी नंतरची हौस. एमएस-सीआयटीच्या क्लासला संगणक शिकलेल्या पिढीने थ्रीडी टेक्स्टमध्ये स्वतःचं नाव गरगर फिरवलेलं आठवत असेलच. गंमत म्हणजे मूळचा काळा पडदाच आज पुन्हा सगळ्यात चांगला उपाय ठरतोय.

आता ओएलईडीकडे येऊ. यात मागे दिवा नसतो. प्रत्येक ठिपका सेंद्रिय रसायनाचा असतो आणि वीज मिळाली की स्वतःच उजळतो. म्हणूनच काळा रंग खरोखर काळा दिसतो, आणि म्हणूनच प्रत्येक ठिपका आपापल्या वापराप्रमाणे वेगवेगळा म्हातारा होतो. लाल, हिरवा, निळा यांतला निळा सगळ्यात लवकर उतरतो. उजेड वाढवला की झीज नुसती त्या प्रमाणात वाढत नाही, त्याहून जास्त वेगाने वाढते. उष्णता त्यात भर घालते. थोडक्यात शत्रू तीन: स्थिर चित्र, चढा ब्राइटनेस आणि गरम स्क्रीन. तिन्ही एकत्र आले की काम लवकर तमाम होतं.

एलसीडीची गोष्ट वेगळी. तिथे उजेड मागच्या दिव्याचा असतो आणि पुढचे द्रव स्फटिक फक्त तो अडवायचं किंवा सोडायचं काम करतात. एकच चित्र दिवसेंदिवस ठेवलं तर त्या थरात विद्युतभार साठून आधीच्या चित्राची सावली राहते खरी, पण ती बहुधा काही तासांत निघून जाते. सोसायटीच्या वॉचमनच्या केबिनमधला सीसीटीव्हीचा मॉनिटर एकदा बघा. चार कॅमेऱ्यांना विभागणारी अधिक-चिन्हासारखी रेघ आणि कोपऱ्यातली तारीख वर्षानुवर्षं चोवीस तास तिथेच. अशा मॉनिटरवर ती रेघ दुसऱ्या चित्रातही दिसायला लागते. एवढा छळ केल्याशिवाय एलसीडी सहसा हार मानत नाही.

पायरी १: आपली स्क्रीन कोणती, हे ओळखा

खोक्यावरच्या नावांनी भलेभले गोंधळतात. ओएलईडी, अमोलेड, सुपर अमोलेड, पी-ओएलईडी, क्यूडी-ओएलईडी ही सगळी ओएलईडीचीच भावंडं. काळजी यांची घ्यायची. क्यूएलईडी, मिनी-एलईडी, नुसतं 'एलईडी टीव्ही' आणि आयपीएस ही मात्र एलसीडी. क्यूएलईडी आणि ओएलईडी यांच्यात एका अक्षराचा फरक दिसतो, पण आतलं तंत्र पूर्ण वेगळं आहे. दुकानातला सेल्समन 'एकच हो साहेब' म्हणाला तर मान डोलवू नका.

खोकं फेकून दिलं असेल तर रात्री खोलीतले दिवे घालवा आणि स्क्रीनभर पूर्ण काळं चित्र लावा. स्क्रीन बंद आहे की चालू हेच कळेनासं झालं तर ओएलईडी. करडा, धुरकट उजेड दिसत राहिला तर एलसीडी.

एखाद्या घरात प्लाझ्मा टीव्ही अजून तग धरून असेल. त्यातही फॉस्फरच असतो, म्हणून त्याला ओएलईडीचेच नियम लावा. मोठ्या कंपन्यांनी २०१३-१४ च्या सुमारास प्लाझ्मा बनवणं बंद केलं, त्यामुळे त्याचं पॅनेल आता शोधत बसू नका.

पायरी २: छाप आहे की दुसरंच काही, ते तपासा

आधी सगळ्यात सोपी युक्ती. डाग फोनवर किंवा संगणकावर दिसत असेल तर स्क्रीनशॉट काढा आणि तो दुसऱ्या एखाद्या फोनवर पाठवून बघा. तिथेही डाग दिसला तर दोष ॲपचा किंवा सॉफ्टवेअरचा. स्क्रीन ठणठणीत आहे. डाग फक्त आपल्याच स्क्रीनवर दिसत असेल तर पुढे चला.

पूर्ण स्क्रीनभर मध्यम करड्या रंगाचं चित्र लावा. करड्यावर छाप जितकी उठून दिसते तितकी चालत्या सिनेमात कधीच दिसत नाही. मग एकेक करून लाल, हिरवा, निळा आणि पांढरा लावा. एका रंगात छाप स्पष्ट आणि दुसऱ्यात नाहीच, असं झालं तर त्या रंगाचे ठिपके झिजलेत असं समजा. फोनवर डोळे खास तीन जागी लावा: वरची घड्याळ-बॅटरीची पट्टी, तळाची तीन बटणं आणि कीबोर्डची जागा. टीव्हीवर चारही कोपरे आणि तळाची आडवी पट्टी.

छाप दिसली तरी लगेच हाय खाऊ नका. तात्पुरती सावली आणि कायमची छाप दिसायला सारखीच असतात. स्क्रीन काही तास बंद ठेवा, नंतर थोडा वेळ हलतं, रंगीबेरंगी काहीतरी चालवा आणि पुन्हा करडं चित्र लावून बघा. फिकी झाली तर ती सावली होती. दोन-चार दिवसांनीही तसूभर फरक नसेल तर छाप पक्की बसली.

एकच बारीक ठिपका काळा किंवा कायम लाल-हिरवा दिसत असेल तर तो बिघडलेला पिक्सेल, त्याचा इथे संबंध नाही. एलसीडीच्या कडेला येणारा पिवळसर उजेडही वेगळा, तो मागच्या दिव्याचा.

पायरी ३: फोन

फोनची स्क्रीन आपण तशीही सारखी बंद-चालू करत असतो, त्यामुळे साध्या वापरात फारशी भीती नाही. डिस्प्ले सेटिंग्जमध्ये जाऊन स्क्रीन टाइमआउट ३० सेकंद किंवा एक मिनिट करा. डार्क मोड लावा. तळाच्या तीन बटणांऐवजी बोटाने सरकवण्याची जेश्चर पद्धत घ्या. सवय व्हायला दोन दिवस लागतात, पण कायम तिथे बसणारं चित्रच नाहीसं होतं. ब्राइटनेस ऑटोवर राहू द्या. कायम दिसणारं घड्याळ, म्हणजे ऑलवेज-ऑन डिस्प्ले, वाटतं तेवढं धोक्याचं नाही. ते मंद असतं आणि दर थोड्या वेळाने जागा बदलतं.

खरा धोका गाडीच्या डॅशबोर्डवर अडकवलेल्या फोनला आहे. रिक्षावाले, कॅबवाले, घरपोच माल पोचवणारी पोरं, यांच्या फोनवर दिवसभर नकाशा उघडा असतो. ऊन थेट काचेतून येतं, म्हणून ब्राइटनेस आपोआप टोकाला जातो. शिवाय चार्जिंग चालूच, त्यामुळे फोन तापलेला. वर सांगितलेले तिन्ही शत्रू एकाच स्टँडवर बसलेले. हे काम करणाऱ्याने त्यासाठी वेगळा, एलसीडी स्क्रीनचा स्वस्त फोन ठेवावा असं माझं स्पष्ट मत आहे. ते जमत नसेल तर नकाशा नाइट मोडवर ठेवा, फोन एसीच्या झोतासमोर लावा आणि लांब सरळ रस्ता असेल तेव्हा स्क्रीन बंद करून नुसत्या आवाजावर चला.

महागडा फोन घेतला म्हणजे सुटलो, असंही नाही. २०१७ मध्ये गूगलच्या पिक्सेल २ एक्सएलवर काही दिवसांच्या वापरातच तळाच्या बटणांची छाप दिसू लागल्याच्या तक्रारी आल्या. गूगलने अपडेटमधून ती बटणं काही वेळाने मंद होतील अशी सोय केली, कमाल ब्राइटनेस किंचित उतरवला आणि वॉरंटी दोन वर्षांची केली. तेव्हापासून पॅनेलं बरीच सुधारली आहेत, तरी झीज थांबलेली नाही.

पायरी ४: टीव्ही, आणि भिंतीवरचं बटण

"टीव्हीचं बटण बंद केलंस का रे?" हा प्रश्न विचारल्याशिवाय आपल्याकडे रात्रीची झोप होत नाही. वीज वाचते, वादळ-पावसात टीव्ही वाचतो, सवय चांगलीच आहे. पण ओएलईडी टीव्हीच्या बाबतीत तीच सवय घात करते.

हे टीव्ही स्वतःच्या झिजेचा हिशोब ठेवतात. रिमोटने बंद केल्यावर स्टँडबायमध्ये असताना टीव्ही पॅनेलमधले ठिपके तपासतो आणि जे मागे पडलेत त्यांना मिळणारी वीज दुरुस्त करून सगळ्यांना एका पातळीवर आणतो. एलजीच्या टीव्हीत ही छोटी दुरुस्ती एकूण चार तास बघून झाल्यावर, टीव्ही बंद केला की आपोआप होते आणि काही मिनिटांत उरकते. साधारण २,००० तासांनी मोठी दुरुस्ती होते, तिला तासभर लागतो. बाकीच्या कंपन्यांची नावं आणि वेळा थोड्या वेगळ्या, तत्त्व तेच. भिंतीवरचं बटण बंद असेल तर यातलं काहीच होत नाही. वर्षभर रोज असं केलं की टीव्हीला स्वतःला सावरायची संधीच मिळत नाही.

म्हणून क्रम असा ठेवा. टीव्ही रिमोटने बंद करा. भिंतीवरचं बटण चालूच राहू द्या. वीजबिलाची धास्ती असेल तर हिशोब करा: स्टँडबायला अर्धा वॅट धरला तर वर्षभरात साधारण ४.४ युनिट होतात. त्याच बोर्डावरचा सेट-टॉप बॉक्स त्याच्या कितीतरी पट वीज खातो, तेव्हा बटण बंद करायचंच असेल तर त्याचं करा. सगळ्यांना मिळून एकच बटण असेल तर इलेक्ट्रिशियनकडून टीव्हीचा प्लग वेगळा करून घ्या. बाहेरगावी जाताना किंवा वळवाचे ढग गडगडायला लागले की प्लग काढायलाच हवा. जमलं तर आधी दहा-पंधरा मिनिटं टीव्ही स्टँडबायवर राहू द्या. मध्येच लाइट गेली म्हणून घाबरायचं कारण नाही, राहिलेली दुरुस्ती पुढच्या खेपेला होते.

सेटिंग्जमध्ये पिक्सेल शिफ्ट किंवा स्क्रीन शिफ्ट, आणि लोगोचा उजेड उतरवणारी सोय असते. दोन्ही चालू आहेत ना, एवढं बघा. चित्र मध्येच एखाद्या केसाएवढं सरकल्यासारखं वाटलं तर तो बिघाड नव्हे, ते मुद्दाम केलेलं असतं. वर सांगितलेली दुरुस्ती (पॅनेल रिफ्रेश) हाताने चालवायचं बटणही असतं, पण ते औषध म्हणून वापरा, रोजचा काढा म्हणून नको. सोनी तर ते वर्षातून एकदाच करा असं सांगते.

राहिला प्रश्न काय बघता याचा. वृत्तवाहिन्यांच्या खालच्या लाल पट्ट्या, कोपऱ्यातले लोगो आणि सतत चमकणारी 'ब्रेकिंग न्यूज' ओएलईडीला सर्वांत जड जातात. कॅनडातल्या आरटिंग्ज या संस्थेने २०१८ मध्ये एकाच मॉडेलचे सहा ओएलईडी टीव्ही रोज २० तास चालवून पाहिले. सीएनएन लावलेल्या दोन टीव्हींपैकी कमाल ब्राइटनेसच्या टीव्हीवर छाप जास्त ठळक पडली. रोज २० तास कोणी बघत नाही हे खरं, पण घरात आजोबा-आजींसाठी सकाळपासून एकच चॅनल लागलेलं असेल, तर त्या खोलीत ओएलईडी लावू नये. चांगला एलसीडी लावा आणि निश्चिंत व्हा. दवाखान्यातला टोकन नंबरचा पडदा, हॉटेलातलं मेन्यूकार्ड, दुकानातली जाहिरात, यांनाही तेच लागू. आयपीएलच्या स्कोअरपट्टीची मात्र काळजी करू नका. मॅच संपते, मधे जाहिराती येतात, तेवढ्याने भागतं.

सिनेमा पॉझ करून जेवायला बसलात, की काही मिनिटांनी टीव्हीचा स्वतःचा स्क्रीनसेव्हर सुरू होतो. तो बंद करू नका. आजच्या काळात स्क्रीनसेव्हर मूळ कामाला लागतो अशा मोजक्या जागांपैकी ही एक.

पायरी ५: संगणक, आणि स्क्रीनसेव्हरचं काय करायचं

साधा एलसीडी मॉनिटर असेल तर स्क्रीनसेव्हरने स्क्रीन वाचत नाही. मागचा दिवा जळतच राहतो, पुढे मासे पोहोत असले काय आणि एक्सेलची शीट असली काय. थ्रीडी चित्रांचा असेल तर ग्राफिक्स कार्डही कामाला लागतं आणि वीज उलट जास्त जाते. २० मॉनिटरांचं ऑफिस धरा, प्रत्येकी २० वॅट. संध्याकाळी सहा ते सकाळी नऊ सगळ्यांवर नुसते फुगे तरंगत राहिले तर रात्रीत ६ युनिट गेले.

म्हणून विंडोजमध्ये सेटिंग्ज, सिस्टीम, पॉवर असं जा आणि स्क्रीन बंद होण्याची वेळ पाच मिनिटं ठेवा. ओएलईडी लॅपटॉप असेल तर तीन. शिवाय ओएलईडीवर टास्कबार आपोआप लपेल असं करा, कारण दिवसभर एकाच जागी उजळ बसणारी तीच मुख्य गोष्ट. डार्क मोड, काळा किंवा ठरावीक वेळाने बदलणारा वॉलपेपर, डेस्कटॉपवर कमीत कमी आयकॉन. दिवसभर कोडिंग किंवा टॅली करणाऱ्यांनी ब्राइटनेस खोलीच्या उजेडाएवढाच ठेवावा.

मग स्क्रीनसेव्हर ठेवावा तरी कशाला? एक कारण पक्कं आहे: कुलूप. विंडोजमध्ये पर्सनलायझेशन, लॉक स्क्रीन, स्क्रीन सेव्हर असं गेलात की 'ऑन रिझ्यूम, डिस्प्ले लॉगऑन स्क्रीन' हा चौकोन दिसतो. त्यावर खूण करा आणि वर यादीत 'ब्लँक' निवडा. चहाला उठलात तरी मागे कोणी तुमचा मेल वाचू शकत नाही, आणि पडदाही काळा. घाईत असाल तेव्हा विंडोजचं बटण आणि एल एकदम दाबा, लगेच कुलूप. दुसरं कारण शुद्ध हौस, तिला माझी हरकत नाही. तिसरं एक भारी कारण होतं, ते आता राहिलं नाही: कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कलीतल्या सेटी ॲट होम प्रकल्पाचा स्क्रीनसेव्हर १९९९ पासून लाखो लोकांच्या रिकाम्या संगणकांवर अवकाशातल्या रेडिओ लहरी तपासत बसायचा. मार्च २०२० मध्ये त्यांनी नवं काम वाटणं थांबवलं.

एक इशारा मात्र गांभीर्याने घ्या. इंटरनेटवरचे फुकट स्क्रीनसेव्हर उतरवू नका. नावाच्या शेवटी डॉट एससीआर असलेली फाइल चित्र नसते, तो चालणारा प्रोग्राम असतो, आणि त्यातून व्हायरस पसरवणं हा फार जुना धंदा आहे. धबधब्याच्या किंवा गणपतीच्या नावाने मेलमध्ये अशी फाइल आली तर उघडायची नाही, पाठवणारा मामेभाऊ असला तरी.

पायरी ६: छाप पडलीच असेल तर

एलसीडी असेल तर स्क्रीन रात्रभर बंद ठेवा, किंवा काही तास पूर्ण पांढरं चित्र लावून ठेवा. बहुतेक वेळा तेवढ्यावर निभावतं.

ओएलईडीवर टीव्हीचं किंवा लॅपटॉपचं स्वतःचं पॅनेल रिफ्रेश एकदा चालवा. फरक पडला तर उत्तम. यूट्यूबवर लाल-निळे-हिरवे रंग भराभर चमकवणारे 'बर्न-इन घालवा' व्हिडिओ असतात, त्यांच्या नादी लागू नका. झिजलेलं रसायन त्याने परत येत नाही. उरलेला चांगला भाग मात्र आणखी झिजतो. छाप फक्त करड्या चित्रावरच दिसत असेल आणि सिनेमात दिसत नसेल, तर ती शोधणं बंद करा आणि टीव्ही बघा.

वॉरंटीचा कागद काढून त्यात बर्न-इन किंवा इमेज रिटेन्शन हे शब्द शोधा. बरेचदा 'यास वॉरंटी लागू नाही' असंच लिहिलेलं सापडतं. काही ओएलईडी मॉनिटरांना मात्र तीन वर्षांपर्यंत बर्न-इनची वॉरंटी मिळते, म्हणून नवीन घेताना ही ओळ लेखी दाखवायला सांगा, तोंडी आश्वासनावर जाऊ नका. वॉरंटीत बसत असेल तर करड्या चित्राचा, अंधाऱ्या खोलीत काढलेला फोटो आणि बिल हाताशी ठेवून तक्रार नोंदवा.

जुना ओएलईडी फोन किंवा टीव्ही विकत घेताना हीच करडी परीक्षा विकणाऱ्यासमोर घ्या. तो टाळाटाळ करायला लागला तर सौदा तिथेच सोडा. दसरा-दिवाळीच्या सेलमध्ये 'डिस्प्ले पीस' म्हणून स्वस्तात मिळणारा ओएलईडी टीव्हीही तपासल्याशिवाय उचलू नका. तो शोरूममध्ये झगझगीत दिव्यांखाली कमाल ब्राइटनेसवर, एकच डेमो व्हिडिओ फिरवत महिनोन्‌महिने चाललेला असतो. एकूण किती तास चालला, हे बऱ्याच टीव्हींच्या माहितीच्या किंवा सर्व्हिसच्या पानावर दिसतं. आकडा दाखवायला सांगा आणि मगच भाव करा.